जास्वंदीला कात्री लावा!

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी एकेक स्टेशने घेत जाते. दोन्ही बाजूंना इमारतींची दाटी आहे. एकट्या उल्हासनगरात सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, पाच लाखांहून अधिक माणसे राहतात. तेथे अंगण कोठून येणार? पण माणसाची झाडाची हौस अंगणावाचून अडत नाही. खिडकीच्या लोखंडी जाळीत, जिन्याच्या कठड्यावर, गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत तुळशीच्या खालोखाल जास्वंद असते.

अलीकडे ही जास्वंद बहुधा संकरित असते. रोपवाटिकेत गुडघ्याएवढे झाड आणि त्यावर ताटलीएवढे पिवळे, केशरी किंवा जांभळट फूल पाहून आपण भुलतो. झाड घरी येते. पहिले काही आठवडे फुले येतात. पुढे झाड उंच, किडकिडीत होत जाते, पाने फक्त शेंड्याला राहतात, कळ्या गळतात आणि वर्षाच्या आत कुंडीत एक काठी उरते. मग घरात तीन प्रकारची मते व्यक्त होतात. एक, आपल्याकडची हवा तिला मानवली नाही. दोन, आपल्या हाताला यश नाही. तीन, दुकानातून फुलांसाठीचे एखादे 'टॉनिक' आणायला हवे.

माझे मत असे की ही तिन्ही निदाने बहुतेक वेळा चुकीची असतात. झाड आजारी नसते, हाताचा दोष नसतो आणि बाटलीची तर मुळीच गरज नसते. झाड जे करते आहे ते त्याच्या स्वभावाप्रमाणेच करते आहे. त्याला हवी असते ती कात्री. आणि माझे दुसरे मत असे की ती कात्री विद्यार्थ्यांच्या हाती शाळेने द्यावी. ही दोन मते का मांडतो आहे ते आता क्रमाने पाहू.

ही जास्वंद आली कोठून?

जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. लिनीअसने १७५३ साली हे नाव दिले आणि त्याचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. खरे पाहता ती गुलाबाच्या कुळातली नाही. कापूस, भेंडी आणि अंबाडी यांच्या कुळातली आहे. भेंडीचे पिवळे फूल आणि जास्वंदीचे फूल शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दोघींचे नाते सांगावे लागणार नाही. गंमत अशी की ही जास्वंद रानात आपोआप उगवलेली कोठे सापडत नाही. अलीकडील संशोधनाचा कल असा आहे की पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या जातींच्या संकरातून ती फार पूर्वी निर्माण झाली असावी. म्हणजे आपण जिला 'गावठी' म्हणतो ती लाल जास्वंदसुद्धा माणसाच्या संगतीनेच जगभर गेलेली आहे.

एकोणिसाव्या शतकात मॉरिशसमध्ये आणि विसाव्या शतकात हवाई बेटांवर व अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात हौशी लोकांनी जास्वंदीचे संकर करण्याचा सपाटा लावला. हवाईतील पांढरी सुवासिक रानजास्वंद, तेथलीच लाल रानजास्वंद, पूर्व आफ्रिकेतली झालरीसारख्या पाकळ्यांची लोंबती जास्वंद अशा निरनिराळ्या जातींचे गुण एकत्र आले. आपल्या देशातही मागे राहणे झाले नाही. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जास्वंदीच्या संकरित जाती तयार केल्या आहेत. आज महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांतून ही झाडे इतक्या दूरवर जातात की पार बंगालमधले हौशी बागवानही मोठ्या फुलांच्या ठेंगण्या जास्वंदीला 'पुणे व्हरायटी' म्हणतात. 'ऑस्ट्रेलियन', 'हवाईयन' अशीही नावे बाजारात चालतात. ही नावे व्यापारातली आहेत, वनस्पतिशास्त्रातली नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

फूल येते कोठे?

जास्वंदीला फूल कोठे येते, हा प्रश्न वर्गात विचारला तर 'झाडाला' असे उत्तर येईल. ते बरोबर आहे, पण उपयोगाचे नाही. एखाद्या फुललेल्या झाडाजवळ जाऊन नीट पाहा. जुन्या, तपकिरी, जाड फांदीवर फूल नसते. फूल असते ते यंदा वाढलेल्या कोवळ्या फांदीवर, शेंड्याच्या जवळ, पान जेथे फांदीला मिळते त्या बेचक्यात आणि तेही प्रत्येक बेचक्यात एकच. सगळी छाटणी या एका निरीक्षणातून निघते. नवी फांदी नसेल तर फूल नाही. शेंडे कमी तर फुले कमी.

आता शेंडे वाढवायचे कसे? प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे झोपलेला अंकुर, असतो. तो फुटला की त्याची फांदी होते. पण शेंडा जागेवर असेपर्यंत खालचे बहुतेक डोळे झोपूनच राहतात. याला अग्रप्रभाव म्हणतात. शेंडा छाटला की खालचे दोन-चार डोळे फुटतात. पाच फांद्यांचे झाड छाटले तर दहा ते वीस शेंडे मिळतात. पाचवीतल्या मुलालाही हा गुणाकार येतो, पण घरातली मोठी माणसे तो कुंडीजवळ करत नाहीत.

शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून कसा ठेवतो, याचा शोध ही विज्ञानातली एक सुरेख कथा आहे. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी रोपांच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. कोंबाच्या टोकाकडून खाली काहीतरी प्रभाव पोचतो, असे त्यांना दिसून आले होते. १९२६ ते १९२८ या काळात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबाच्या टोकातले द्रव्य आगराच्या तुकड्यात उतरवून दाखवले. हेच ऑक्झिन. १९३३ च्या सुमारास थिमान आणि स्कूग यांनी बाकल्याच्या झाडाचा शेंडा कापून तेथे ऑक्झिन लावले, तर शेंडा नसतानाही खालचे डोळे फुटले नाहीत. आता सगळे उलगडले असे लोकांना वाटले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. ऑक्झिन स्वतः डोळ्यात शिरत नाही, हे पुढे लक्षात आले. मग ते डोळ्याला थांबवते कसे? २००८ साली स्ट्रायगोलॅक्टोन या दुसऱ्या संप्रेरक-गटाचा फांद्या रोखण्यातला वाटा उघड झाला. २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून असे दिसले की शेंडा कापल्यावर खालच्या डोळ्याला पहिला इशारा मिळतो तो साखरेचा. वाढता शेंडा पानांनी केलेली साखर आपल्याकडे ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांच्या वाट्याला येते. घरात एकच भाऊ सगळा खाऊ संपवत असावा, तो मामाच्या गावाला जावा आणि धाकट्यांची चंगळ व्हावी, तसलाच हा प्रकार. डार्विनपासून आजपर्यंत शास्त्रज्ञ जो प्रश्न सोडवत आले आहेत, तो तुमच्या खिडकीतल्या कुंडीत रोज घडतो आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

कापल्याने झाडाला दुखते का?

कात्री म्हटले की घरातून पहिला विरोध होतो. जास्वंद म्हणजे गणपतीचे झाड. त्याला शस्त्र कसे लावायचे? या भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ज्या घरात हा विरोध होतो त्याच घरात आजी तुळशीच्या मंजिऱ्या नेमाने खुडत असते. तुळस डेरेदार व्हावी म्हणूनच ती खुडते. हीसुद्धा छाटणीच आहे, फक्त ती नखाने होते आणि तिला छाटणी असे नाव नाही.

शेतकऱ्यांना तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. नाशिककडचा द्राक्ष-बागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. न छाटलेल्या वेलीवर भरघोस द्राक्षे येतील असे त्याला सांगून पाहा! मोगऱ्याची लागवड करणारे थंडीत झाडे छाटतात, तेव्हा कोठे उन्हाळ्यात गजरे मिळतात. म्हणजे हे ज्ञान महाराष्ट्रात भरपूर आहे. ते मळ्यातून खिडकीपर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

छाटावे केव्हा आणि कसे?

आपल्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भर पावसात मोठी छाटणी करू नये, कारण ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून वाळत येते. वैशाखातल्या कडक उन्हातही करू नये, कारण कोवळी पालवी करपते. मुख्य छाटणीला योग्य वेळ म्हणजे पाऊस ओसरल्यावरची, नवरात्राच्या आसपासची. छाटल्यापासून फूल येईपर्यंत साधारण अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे फुले पौषाच्या गारव्यात येतात आणि गारव्यात संकरित जास्वंदीचे फूल अधिक मोठे, अधिक गडद रंगाचे आणि अधिक टिकाऊ होते. उन्हाळ्यात सकाळी उमललेले फूल संध्याकाळी मिटते. तेच थंडीत काही जातींवर दोन-दोन दिवस टिकते. दुसरी हलकी छाटणी थंडी सरताना, माघ-फाल्गुनात करावी.

कृती सोपी आहे. सिकेटर किंवा धारदार कात्री घ्या आणि पाते स्पिरिटने पुसा. आधी वाळलेल्या, रोगट आणि आतल्या बाजूला वाढणाऱ्या फांद्या पूर्ण काढा. मग उरलेल्या फांद्यांची लांबी सुमारे एक-तृतीयांशाने कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, किंचित तिरका घ्यावा. डोळ्याचे तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला नवी फांदी जाते, म्हणून झाडाचा आकार तुमच्या हातात असतो. सगळे झाड एकाच दिवशी भुंडे करू नका. महिन्याच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत छाटा, म्हणजे एका फांदीवर फुले संपतात तोवर दुसरीवर येतात. नवी फांदी वीतभर झाली की तिचा कोवळा शेंडा नखाने एकदा खुडा. फुले काही दिवस लांबतात, पण संख्या वाढते.

येथे एक निवड करावी लागते आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेंडे पुष्कळ केले तर फुले पुष्कळ येतात, पण प्रत्येक फूल थोडे लहान असते. शेंडे थोडे ठेवले तर फुले थोडी, पण मोठी. झाडाने तयार केलेल्या साखरेची ही वाटणी आहे. 'भरपूर आणि प्रचंड' असे दोन्ही एकाच कुंडीत देणारे खत अजून निघालेले नाही, जाहिरात काहीही म्हणो.

आपल्या सणाशी जोडलेले एक गणित येथे घालतो. गणपतीला लाल जास्वंद हवी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत घरच्या झाडावर फूल नसते, बाजारात भाव चढलेला असतो. गणेशचतुर्थी तिथीवर ठरते, त्यामुळे तारीख बदलते. २०२५ साली ती २७ ऑगस्टला होती, तर २०२६ सालची तारीख १४ सप्टेंबर. या तारखांच्या मागे अडीच ते तीन महिने मोजा. पहिली तारीख मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते, दुसरी जूनच्या उत्तरार्धात. तेव्हा पाऊस जोरात सुरू होण्यापूर्वी तीन फांद्या आठवड्याच्या अंतराने छाटा, प्रत्येकीला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि कोणती फांदी बाप्पाच्या दिवशी फुलते ते पाहा. पुढच्या वर्षी तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

दोन गोष्टी ज्या विकणारा सांगत नाही

रोपवाटिकेतले ठेंगणे झाड घरी येऊन उंच, किडकिडीत का होते? फुलझाडांच्या जागतिक व्यवसायात कुंडीतली जास्वंद आटोपशीर राहावी म्हणून वाढरोधक रसायने वापरण्याची रीत आहे. त्यातले पॅक्लोब्युट्राझोल आपल्या कोकणात ओळखीचे आहे. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून आंबा-बागायतदार ते 'कल्टार' या नावाने देतात. हे द्रव्य झाडातील जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते, त्यामुळे दोन पानांमधले अंतर वाढत नाही. असा डोस दिलेले झाड आणले तर परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि झाड आपल्या मूळ उंचीकडे धावू लागते. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईकाला हे ठाऊक असावे. ठाऊक असले म्हणजे तो घाबरण्याऐवजी कात्री घेतो.

दुसरी गोष्ट कलमाची. पुष्कळ संकरित जातींची मुळे नाजूक असतात, म्हणून त्यांचे कलम जोमदार जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. पुढे कधीतरी जोडाच्या खालून एक सरळसोट फुटवा निघतो. 'झाडाने जोर धरला' म्हणून घरचे खूष होतात. तो फुटवा खुंटाचा असतो! मुळांचे सगळे बळ तो घेतो आणि वरचे कलम झुरून मरते. 'पिवळी आणली होती, तिची लाल झाली' अशी तक्रार ऐकू येते ती यामुळे. झाडाने रंग बदललेला नसतो. एक झाड मेलेले असते आणि दुसरे जगलेले असते. जोडाखालचा फुटवा दिसताक्षणी मुळापासून काढला तर ही वेळ येत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कुंडीतून पाण्याचा निचरा व्हायलाच हवा, कारण पावसाळ्यात जास्वंद मरते ती पाण्याच्या अभावाने नव्हे, मुळे कुजून. दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवे. कुंडी एक दिवस कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असे झाले की कळ्या गळतात. खत थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. नत्र फार झाले की नुसती पाने माजतात.

किडींविषयी मात्र जरा थांबायला हवे. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसतो, तो पिठ्या ढेकूण. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा अमेरिका खंडातला. तो २००८ साली भारतात प्रथम तमिळनाडूत आढळला, नंतर महाराष्ट्रातही आला आणि जास्वंदीवरही वाढू लागला. विषारी फवारे त्याच्यापुढे फारसे चालले नाहीत, कारण मेणासारख्या थराखाली तो सुरक्षित असतो. शेवटी २०१० साली परदेशातून एक सूक्ष्म परजीवी माशी आणून सोडण्यात आली आणि तिने त्याला आटोक्यात आणले. यातून घ्यायचा धडा साधा आहे. खिडकीत, स्वयंपाकघराच्या शेजारी विषाची बाटली घेऊन उभे राहू नका. पिठ्या ढेकूण लागलेला शेंडा कापा, पिशवीत बंद करून टाका आणि उरलेल्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. म्हणजे येथेही पहिले औषध कात्रीच.

शाळेचे काम काय?

आता माझ्या दुसऱ्या मताकडे वळतो. फुलाचे भाग शिकवायचे असले की शिक्षक 'उद्या जास्वंदीचे फूल आणा' असे सांगतात. पाच पाकळ्या, त्यांच्यामधून निघणारी पुंकेसरांची नळी, तिच्या टोकाला पाच मखमली ठिपक्यांची कुक्षी. इतके स्वच्छ, मोठे आणि सहज मिळणारे फूल दुसरे नाही. पाण्यात न ठेवताही ते दिवसभर टवटवीत राहते, ही आणखी एक सोय. आपण त्याला उभा छेद देतो, आकृती काढतो, नावे देतो आणि तास संपल्यावर ते केराच्या टोपलीत जाते. मुलाला फुलाचे नऊ भाग पाठ येतात, पण ते फूल झाडाला कोठे आणि का आले, हे त्याने कधी पाहिलेले नसते. जिवंत वस्तूचे शास्त्र आपण मेलेल्या वस्तूवर शिकवतो, हे मला पटत नाही.

म्हणून सूचना अशी. विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने जास्वंदीच्या सहा कुंड्या ठेवाव्यात. खर्च फारसा नाही. पावसाच्या सुरुवातीला एकाच निरोगी झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड सहा फांद्या लावा. एकाच झाडाच्या फांद्या का? कारण त्या सहा रोपांचा आनुवंशिक वारसा एकच असतो. मग त्यांच्यात जो फरक पडेल तो छाटणीचा किंवा निगेचा असणार, जातीचा नव्हे. रोपे नीट वाढली की पुढच्या नवरात्रात दोन तशीच ठेवा, दोघांचे फक्त शेंडे खुडा, दोन एक-तृतीयांशाने छाटा. माती, पाणी, ऊन सहाही कुंड्यांना सारखे. दर शनिवारी वहीत शेंड्यांची संख्या, कळ्या, गळलेल्या कळ्या, उमललेली फुले आणि पट्टीने मोजलेला फुलाचा व्यास लिहा.

एका शाळेतला निकाल योगायोगाचा असू शकतो. पण चार स्टेशनांवरच्या चार शाळांनी एकाच झाडाच्या फांद्या वाटून घेतल्या तर? हिवाळ्यातली बदलापूरची पहाट मुंबईच्या मानाने बरीच गार असते. मग तेथले फूल विठ्ठलवाडीच्या फुलापेक्षा जास्त वेळ टिकते का? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते तुम्हीच काढू शकता आणि तुम्ही काढलेले उत्तर खरे विज्ञान असेल.

यावर शिक्षकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम संपत नाही, परीक्षेत याला गुण नाहीत, सुटीत पाणी कोण घालणार? पहिल्या दोहोंना उत्तर असे की अग्रप्रभाव, संप्रेरके, शाकीय प्रजनन, आनुवंशिकता हे सगळे पुस्तकात आहेच. कुंडी ते डोळ्यांपुढे आणते, म्हणजे तो वेळ वाया जात नाही, वाचतो. तिसरा आक्षेप खरा आहे. उन्हाळी सुटीत कुंड्या मुलांच्या घरी वाटून द्याव्यात आणि त्यातली एखादी मेली तर तेही वहीत लिहावे. न जगलेल्या रोपाची नोंद ही जगलेल्या रोपाच्या नोंदीइतकीच मोलाची असते.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेतो. मोठ्या फुलाचे एवढे कौतुक कशाला? गावठी लाल जास्वंद काय वाईट? मुळीच वाईट नाही. ती काटक आहे, भरभरून फुलते, शिंजीर पक्षी मधासाठी तिच्याकडे येतो, आणि नाजूक संकरितांना खुंट म्हणूनही असलेच जोमदार झाड लागते. तिला उपटून तेथे नवी लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. सहा कुंड्यांतली रोपे गावठीचीच असली तरी माझी हरकत नाही. संकरित जास्वंद हवी ती एवढ्यासाठी की निसर्गाने दिलेल्या गुणांतून माणूस किती नवे घडवू शकतो, ते तिच्यात दिसते.

आणि हे घडवणे तुमच्याही आवाक्यात आहे. सकाळी एका संकरित फुलातले परागकण मऊ कुंचल्याने दुसऱ्या जातीच्या फुलाच्या पाचही कुक्षींना लावा आणि देठाला दोरा बांधून तारीख लिहा. पुष्कळदा फळ धरत नाही, तेव्हा निराश न होता पुन्हा करा. धरले तर दोन-तीन महिन्यांत बोंड पिकते. जास्वंदीत गुणसूत्रांच्या संचांची संख्या मोठी आणि जातीजातींत वेगवेगळी असते, त्यामुळे एका बोंडातली दोन बीजेही सारखी झाडे देत नाहीत. प्रत्येक रोप नवे, जगात दुसरीकडे कोठेही नसलेले. त्यातली बहुतेक फुले साधी निघतील हेही खरे. रोपाला पहिले फूल यायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षे लागतात. म्हणजे आठवीत पेरलेले बी तुम्ही नववीत किंवा दहावीत असताना फुलेल.

ज्या मुलाने दोन वर्षे वाट पाहून एक फूल पाहिले आणि त्याची नोंद ठेवली, त्याला 'आठ दिवसांत दुप्पट फुले' असे छापलेली बाटली कोणी विकू शकणार नाही. पुढे आयुष्यात झाडांविषयीच नव्हे, इतरही पुष्कळ बाबतींत त्याला फसवणे अवघड जाईल. शाळेने जास्वंद लावावी ती मुख्यतः यासाठी.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, या रविवारी घरच्या जास्वंदीजवळ जा. लगेच कात्री चालवू नका. आधी शेंडे मोजा, फूल कोणत्या बेचक्यात आले आहे ते पाहा, कलमाचा जोड शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला. ऋतू योग्य असेल तर मग खुशाल छाटा.